शिबिर संपल्यावर काय? समूहाचं आरोग्य सुधारून उपचारांचा खर्च आटोक्यात आणण्याची पद्धत

आरोग्य शिबिर भरवणं सोपं असतं. रांगा लागतात, फोटो निघतात आणि अहवालात 'इतक्या जणांची तपासणी झाली' असा आकडा जातो. त्यांपैकी किती जणांचा रक्तदाब वर्षभरानंतर ताब्यात होता, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. उत्तर द्यायला यादी लागते, आणि ती कुणी ठेवलेलीच नसते.

ठरावीक लोकांच्या आरोग्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कंपनीचा मनुष्यबळ विभाग, विमा योजना चालवणारे, नगरपालिका, सहकारी संस्था किंवा एखादा प्राथमिक दवाखाना, कुणीही असू शकतं. समूह पाचशेचा असो की पाच लाखांचा, क्रम साधारण हाच राहतो. जगातल्या दर चार मृत्यूंपैकी जवळजवळ तीन असंसर्गजन्य आजारांमुळे होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे जुनाट विकार यांचा त्यात मोठा वाटा आहे. यांतल्या बऱ्याच आजारांचं बिल आज येतं, पण ते तयार व्हायला दहा-पंधरा वर्षांपूर्वीच सुरुवात झालेली असते. म्हणून एका आर्थिक वर्षात निकाल मागणाऱ्या माणसाशी आधी बोलून घ्यावं लागतं.

पैशांबद्दल आधीच खरं बोला

'प्रतिबंधावर एक रुपया खर्च करा, उपचारांचे अनेक रुपये वाचतील' असं म्हणत योजना मंजूर करून घेतली जाते आणि दोन वर्षांनी त्याच वाक्यावरून बंद पडते. सगळे प्रतिबंधक उपाय पैसे वाचवत नाहीत. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००८ साली अशा उपायांच्या खर्च-लाभाचा आढावा आला होता. त्यात निव्वळ बचत करणारे उपाय पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी निघाले. बाकीच्यांतल्या पुष्कळ उपायांनी आरोग्य वाजवी किमतीत विकत घेता येतं, आणि तसं घेणं शहाणपणाचंच आहे. पण त्याला बचत म्हणू नये.

दुसरी गोष्ट खजिनदाराला लेखी द्या: पहिल्या वर्षी खर्च वाढेल. आजवर न सापडलेले रुग्ण सापडतील, त्यांच्या तपासण्या होतील, गोळ्या सुरू होतील. यादी नीट चालली आहे याचं ते लक्षण आहे. हे आधी सांगितलं नसेल, तर पहिल्याच आढाव्यात योजनेवर कात्री चालते.

तेव्हा पहिल्या दोन वर्षांचं उद्दिष्ट रुपयांत न मांडता माणसांत मांडा. रक्तदाब ताब्यात असलेले किती, तंबाखू सोडलेले किती, मधुमेहाच्या उंबरठ्यावरून मागे आलेले किती. पैशांचा हिशेब जरूर ठेवा, पण तो तिसऱ्या वर्षापासून वाचायला घ्या.

पहिली पायरी: यादी

वेल्समध्ये ग्लिनकोरूग नावाचं, एके काळी कोळशाच्या खाणीवर जगणारं खेडं आहे. तिथले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी दवाखान्यात येणाऱ्यांवर समाधान मानलं नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या नोंदवहीतल्या सगळ्या प्रौढांचा रक्तदाब मोजायला घेतला. जे आले नाहीत त्यांच्याकडे ते स्वतः पोचले. त्यांचं १९७१ मधलं निरीक्षण आजही लागू पडतं: चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते. पंचवीस वर्षं चिकाटीनं पाठपुरावा केल्यावर त्या खेड्यातल्या अकाली मृत्यूंचं प्रमाण शेजारच्या, तशाच गरीब खेड्यापेक्षा कमी भरलं. कुठलंही नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. कोण आलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

तुमच्या समूहातल्या प्रत्येक प्रौढाचं नाव एका तक्त्यात हवं, कधीही न आलेल्यांचंही. रकाने थोडे ठेवा: वय, संपर्क, तंबाखू, शेवटचा रक्तदाब आणि त्याची तारीख, मधुमेहाची स्थिती, चालू औषधं आणि पुढच्या भेटीची तारीख. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ती तारीख उलटून गेलेल्यांची नावं दर सोमवारी आपोआप वर यायला हवीत. साधी स्प्रेडशीट पुरते. महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी सहा महिने स्प्रेडशीटवर काढा, म्हणजे आपल्याला नेमकं काय हवं आहे ते कळेल.

यादीला मालक हवा. समितीला यादी सांभाळता येत नाही. एक परिचारिका किंवा प्रशिक्षित आरोग्यसेविका, तिचे ठरलेले तास आणि तिच्या टेबलावर फोन, एवढी तजवीज पहिल्याच महिन्यात करा.

गोपनीयतेचे नियमही याच टप्प्यावर ठरवा, आणि कागदावर. कर्मचाऱ्याच्या तपासणीचा निकाल त्याच्या साहेबापर्यंत कधीही जाता कामा नये. व्यवस्थापनाला फक्त एकत्रित आकडे द्या. ज्या विभागात मोजकीच माणसं असतील, त्याचे वेगळे आकडे देऊच नका. एकदा जरी 'बीपी निघालं म्हणून बढती हुकली' अशी कुजबुज झाली, तरी पुढची कित्येक वर्षं लोक दंड पुढे करणार नाहीत.

दुसरी पायरी: थोडं मोजा, पण नीट मोजा

मोजायला बसलं की पन्नास तपासण्यांचं पॅकेज घेण्याचा मोह होतो. लक्षणं नसलेल्या लोकांच्या सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांवरच्या चाचण्या, म्हणजे दोन गटांची तुलना करणारे प्रयोग, एकत्र करून कोक्रेन संस्थेनं आढावे घेतले आहेत. अशा तपासण्यांमुळे मृत्यूचं प्रमाण घटल्याचं त्यांत दिसलं नाही. जितक्या जास्त तपासण्या, तितके किरकोळ, अर्थहीन 'दोष' सापडतात. मग पुढच्या तपासण्या, मग भीती, मग खर्च. शिवाय तो सगळा कागद बघायला कुणाला वेळ नसतो, ही व्यवहारातली अडचण वेगळीच.

सुरुवातीला एवढंच पुरतं: रक्तदाब, तंबाखूची चौकशी, वजन आणि कंबरेचा घेर, आणि वय किंवा वजनामुळे धोका जास्त असलेल्यांची साखर. कर्करोगाच्या ज्या मोजक्या चाचण्यांचा फायदा सिद्ध झाला आहे, उदाहरणार्थ गर्भाशयमुखाची, त्या त्यांच्या वयोगटाप्रमाणे स्वतंत्रपणे लावा.

रक्तदाब मोजणं सोपं वाटतं, आणि म्हणूनच तो सर्रास चुकीचा मोजला जातो. माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठीला टेका, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. दंड हृदयाच्या उंचीवर, टेबलावर टेकलेला. मोजताना त्यानं बोलायचं नाही आणि मोजणाऱ्यानंही त्याला प्रश्न विचारायचे नाहीत. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवी तुंबलेली नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी लिहा. पट्ट्यांची दोन-तीन मापं विकत घेणं हा या योजनेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे.

१४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी आला तरच उच्च रक्तदाब म्हणायचं. मात्र १८०/१२० च्या पुढचा आकडा असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा अंधूक दिसणं असेल, तर यादीबिदी बाजूला ठेवून तडक रुग्णालय.

मन कसं आहे हेही मोजता येतं. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठी आहे. गेल्या दोन आठवड्यांत आनंदी, शांत, उत्साही वाटलं का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात रस वाटतो का, एवढंच ती विचारते. गुण शंभरपैकी काढतात. पन्नास किंवा त्याखाली गुण असतील, तर त्या माणसाशी सावकाश बोलायला हवं. ही प्रश्नावली निनावी भरून घेतली तरी विभागवार चित्र कळतं. पण कुणी कमी गुण मिळवून मदत मागितली तर पाठवायचं कुठे, याचं उत्तर तयार असल्याशिवाय ती वाटू नका.

तिसरी पायरी: गळती कुठे आहे ते शोधा

जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. जवळजवळ निम्म्यांना तो आहे हेच माहीत नाही, आणि साधारण पाचातल्या एकाचाच ताब्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली दिलेलं हे चित्र आहे. तुमच्या समूहाचं चित्र यादीवरून काढा.

समजा, समूहात १,००० प्रौढ आहेत आणि ३०० जणांना उच्च रक्तदाब आहे. १६० जणांना तो माहीत आहे, १२० जण गोळ्या घेतात, ६० जणांचा ताब्यात आहे. म्हणजे १४० जणांना पत्ता नाही, ४० जणांना माहीत असूनही उपचार नाहीत, आणि ६० जण गोळ्या घेऊनही वरच आहेत. सगळ्यांचं लक्ष १४० च्या आकड्याकडे जातं आणि पुन्हा शिबिराची तयारी सुरू होते. माझ्या मते सुरुवात शेवटच्या साठांपासून करावी. ही माणसं दवाखान्यात येत आहेत, गोळ्या घ्यायला तयार आहेत, आणि तरी व्यवस्था त्यांना मात्रा वाढवून देत नाही. जी व्यवस्था निम्म्यांनाच ताब्यात आणते, तिच्यात नवे १४० रुग्ण आणून सोडले, तर त्यांतले फार तर ७० ताब्यात येतील. आधी दवाखाना दुरुस्त करा, मग लोकांना बोलवा.

हीच उतरंड मधुमेहासाठी आणि तंबाखूसाठीही मांडता येते. पण पहिल्या वर्षी तीनच विषय घ्या. आठ विषय घेतलेल्या योजनांची पत्रकं सुंदर असतात, हे खरं.

चौथी पायरी: रक्तदाब

हा विषय पहिला का, तर औषधं जुनी आणि स्वस्त आहेत, मोजायला अर्धा तासही लागत नाही आणि परिणाम मोठा आहे. २०१६ साली 'द लॅन्सेट'मध्ये १२३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. रक्तदाबाचा वरचा आकडा (१४०/९० मधला १४०) १० मिलिमीटरनं उतरला तर पक्षाघात सुमारे २७ टक्क्यांनी आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना एकूण सुमारे २० टक्क्यांनी घटतात, असं त्यात दिसलं. पक्षाघात टळला की रुग्णालयाचं बिल टळतं, आणि घरातल्या आणखी एका माणसाची सुटणारी नोकरीही वाचते. तो खर्च कुठल्याच विमा अहवालात दिसत नाही.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात कायझर परमनंटे या संस्थेनं २००१ ते २००९ या काळात रक्तदाब ताब्यात असलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेलं. त्यांनी केलेल्या गोष्टी मोजक्या आहेत आणि कुठेही उचलता येतील अशा आहेत.

उच्च रक्तदाबाच्या सगळ्या रुग्णांची एक नोंदवही केली. सगळ्या डॉक्टरांसाठी उपचारांचा एकच क्रम ठरवला: कोणती गोळी आधी, किती मात्रा, किती आठवड्यांनी तपासायचं, मग पुढची कोणती. डॉक्टरांची नाराजी इथेच येते, 'प्रत्येक रुग्ण वेगळा असतो' म्हणून. असतोच. पण बहुतेक रुग्णांना क्रम पुरतो आणि उरलेल्यांसाठी डॉक्टरांचा वेळ मोकळा होतो. दोन औषधं एकाच गोळीत देण्यावर त्यांनी भर दिला. आणि नुसता रक्तदाब मोजून घ्यायला डॉक्टरांची वेळ न घेता, पैसे न देता येता येईल अशी सोय केली. अशाच कल्पना जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली 'हार्ट्स' नावाच्या संचात मांडल्या. संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर आकडा लक्ष्यावर येईपर्यंत दर महिन्याला तपासावं, आणि ताब्यात आल्यावर तीन ते सहा महिन्यांनी.

गोळ्यांचे पैसे हा इथला नाजूक मुद्दा. रुग्णानं स्वतः थोडे पैसे भरले की तो उधळपट्टी करत नाही, असा एक समज आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेनं विम्याचा मोठा प्रयोग करून हेच तपासलं. पैसे भरावे लागले की लोक उपचार कमी घेतात, हे खरं निघालं. पण ते अनावश्यक उपचारांइतकेच आवश्यक उपचारही टाळतात. गरीब आणि उच्च रक्तदाब असलेल्या लोकांचा रक्तदाब मोफत उपचारांच्या गटात जास्त चांगला राहिला. म्हणून जुनाट आजारांच्या मूळ गोळ्या शक्य तर फुकट द्या, आणि एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या द्या. दर महिन्याला गोळ्यांसाठी अर्धा दिवस घालवावा लागला, तर ठणठणीत वाटणारा माणूस हमखास गळतो.

माणसं दवाखान्यात येत नसतील तर ती जिथे नेहमी जातात तिथे जायचं. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांसाठी केशकर्तनालयांत औषधतज्ज्ञ पाठवले गेले. तिथेच रक्तदाब मोजला जायचा, तिथेच औषध ठरायचं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ मिलिमीटरनं उतरला. तुलनेच्या गटात न्हाव्यांनी फक्त सल्ला दिला होता. तिथे तो ९ च्या आसपास उतरला. ओळखीच्या माणसानं डॉक्टरकडे जायला सांगणं उपयोगी पडलं, पण औषध जागेवर मिळणं तिपटीनं उपयोगी पडलं.

पाचवी पायरी: तंबाखू आणि मधुमेहाचा उंबरठा

तंबाखूबद्दल थोडक्यात, कारण करायचं काय यावर फारसा वाद नाही. ओढायची असो की चघळायची, प्रत्येक भेटीत विचारा, नोंदवा, सोडायची तयारी आहे का ते विचारा आणि असेल तर त्याच दिवशी मदत द्या: निकोटिनची गोळी किंवा पट्टी, आणि पहिल्या आठवड्यात एक फोन. बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा सोडावी लागते; पुन्हा सुरू केली म्हणून यादीतून नाव काढू नका. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा त्यामुळे वाढलेला धोका निम्म्यावर येतो. इतक्या लवकर फळ देणारा उपाय दुसरा सापडणं कठीण.

मधुमेहाच्या बाबतीत, झालेल्यांइतकंच लक्ष व्हायच्या बेतात असलेल्यांकडे द्या. अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन सात टक्क्यांनी कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्या ध्येयावर काम केलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली सुरू झालेल्या प्रयोगात आहार-व्यायामाचा कार्यक्रम सहा वर्षं चालला, आणि तीस वर्षांनी पाहिलं तरी त्या गटातल्या लोकांना मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा झाल्याचं दिसलं.

पण या आकड्यांमागे एक व्याख्यान आणि एक तक्ता नव्हता. अमेरिकेतल्या चाचणीत प्रत्येकाला प्रशिक्षकाबरोबर सोळा धडे होते आणि त्यानंतरही भेटी चालू राहिल्या. तुम्ही दहा-पंधरा जणांचे गट करा, पहिले चार महिने दर आठवड्याला, मग वर्ष संपेपर्यंत महिन्याला एकदा. प्रशिक्षक आहारतज्ज्ञच हवा असं नाही. नीट शिकवलेला, त्याच समूहातला माणूस चालतो, कित्येकदा जास्त चालतो. वजनाचा काटा, चालल्याची मिनिटं आणि खाल्ल्याची नोंद, एवढं दर भेटीत पाहायचं. व्यायामाची वेळ कामाच्या तासांतून काढून दिली तर गळती कमी होते. न दिल्यास जे आधीच तंदुरुस्त आहेत तेच टिकतात.

सहावी पायरी: परिसर बदला

इथवर आपण एकेक माणूस धरून चाललो. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ साली एक अवघड मुद्दा मांडला: फार जास्त धोका असलेली माणसं थोडी असतात आणि मध्यम धोका असलेली पुष्कळ, त्यामुळे बहुसंख्य झटके या मध्यम गटातच येतात. सगळ्यांचाच धोका थोडा थोडा खाली सरकवला, तर समूहाला मोठा फायदा होतो. एकेकट्या माणसाला मात्र तो जाणवतही नाही. म्हणूनच अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत.

फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांतात पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू भयंकर प्रमाणात होत होते. १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तिथे प्रकल्प सुरू झाला. दवाखाने, शाळा, महिला संघटना, दुग्धव्यवसाय, खाद्य कारखाने, सगळ्यांना त्यांनी कामाला लावलं. लोण्याऐवजी वनस्पती तेल, कमी मीठ, कमी सिगारेट. पुढच्या चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकारानं होणारे मृत्यू तिथे ८० टक्क्यांहून जास्त घटले. हा सगळा बदल एका प्रकल्पाचा म्हणता येणार नाही, कारण उर्वरित फिनलंडमध्येही मोठी घट झाली. पण दिशा कुठून मिळाली याबद्दल फारसा वाद नाही.

ब्रिटननं मिठाबाबत असंच केलं. तयार खाद्यपदार्थांतलं मीठ कारखान्यातच हळूहळू कमी करायला लावलं. २००३ ते २०११ या काळात दरडोई मीठ दिवसाला सुमारे ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आलं, आणि लोकांच्या जिभेला ते फारसं कळलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमची आहे, म्हणजे बरंच अंतर शिल्लक होतं.

कायदे करणं तुमच्या हातात नसेलही. पण तुमच्या आवारातलं स्वयंपाकघर, खाद्यपदार्थांची खरेदी आणि बैठकीत काय ठेवायचं, हे हातात असतं. सामुदायिक स्वयंपाकातलं मीठ दर दोन महिन्यांनी थोडं थोडं कमी करा आणि जाहीर करू नका. जाहीर केलं की लगेच अळणी लागतं. साखर घातलेली पेयं मागितल्यावर मिळतील, आपोआप पुढ्यात येणार नाहीत, अशी व्यवस्था करा. आवार पूर्ण तंबाखूमुक्त ठेवा, सोडणाऱ्यांना मदत आधी आणि दंड नंतर. जिना उजेडाचा, स्वच्छ आणि लिफ्टच्या आधी दिसणारा असावा.

सातवी पायरी: काम आणि मन

पुष्कळ योजना इथे ध्यानधारणेचं ॲप वाटून मोकळ्या होतात. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा हृदयविकारानं मृत्यू होण्याचा धोका सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. सगळे नोकरीत होते, कुणीही उपाशी नव्हतं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी या फरकाचा काही भागच उलगडला. नंतरच्या व्हाइटहॉल अभ्यासांत आणखी एक धागा सापडला: आपल्या कामावर आपला किती ताबा आहे.

कामाचे तासही मोजावेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ साली मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तेव्हा ५५ तासांच्या वर जाणारे किती जण आणि कोणत्या विभागात, हा आकडा आरोग्याच्या अहवालात पहिल्या पानावर असावा. पाळीचं वेळापत्रक आधी कळणं, सलग रात्रपाळ्या कमी करणं आणि साहेबाशी न भांडता रजा मिळणं, हे निर्णय माझ्या मते योगवर्गापेक्षा आधी घ्यायचे आहेत. व्यवस्थापनाला ते योगवर्गापेक्षा महाग पडतात, हेही तितकंच खरं.

ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकारासोबत नैराश्य आहे, त्यांच्यासाठी मात्र वेगळी सोय हवी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या चाचणीत (२०१०) एकाच परिचारिकेनं नैराश्य, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा एकत्र पाठपुरावा केला आणि मागे डॉक्टरांचा सल्ला ठेवला. नैराश्यासोबत बाकीचे आकडेही सुधारले. तुमच्या यादीची मालकीण असलेल्या परिचारिकेला हे शिकवता येतं.

आठवी पायरी: परिणाम झाला की नाही ते तपासा

या क्षेत्रात स्वतःची फसवणूक फार सहज होते. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीत सुमारे ३३,००० कर्मचारी आणि १६० ठिकाणं होती. त्यांतली वीस ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि तिथे वेलनेस कार्यक्रम राबवला. दीड वर्षानं (निष्कर्ष २०१९) त्या ठिकाणचे लोक 'आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो' असं सांगत होते. वजन, रक्तदाब, गैरहजेरी आणि उपचारांचा खर्च यांत मात्र ठळक फरक नव्हता. तुलनेला बाकीची ठिकाणं नसती, तर याच कार्यक्रमाचं यश म्हणून कौतुक झालं असतं. इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगानं कारणही दाखवलं: अशा कार्यक्रमांत स्वतःहून येणारी माणसं आधीपासूनच कमी खर्चाची असतात.

दुसरा सापळा सर्वांत खर्चिक रुग्णांचा. वारंवार दाखल होणाऱ्या थोड्या लोकांवरच मोठा खर्च होतो, म्हणून त्यांना गाठा, ही कल्पना आकर्षक आहे. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात अशा रुग्णांच्या घरी पथकं जात आणि नंतरच्या महिन्यांत त्यांचं दाखल होणं घटलेलं दिसे. मग ८०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली (२०२०). सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ६२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सारखंच. सर्वांत वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेकांचं थोडं बरं जातंच, कुणी काही केलं नाही तरी. अशा रुग्णांना वाऱ्यावर सोडा असा याचा अर्थ नाही. रुग्णालयातून सुटल्यावर औषधांची यादी जुळवून घेणं आणि दोन-तीन दिवसांत फोन करणं चांगलंच आहे. फक्त त्याची बचत आधीच अंदाजपत्रकात लिहू नका.

यावर उपाय फार अवघड नाही. योजना सगळीकडे एकदम सुरू करायला एरवीही माणसं पुरत नाहीत. मग कोणता विभाग आधी आणि कोणता सहा महिन्यांनी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. थांबलेले विभाग आपोआप तुलनेचा गट होतात, आणि वशिल्याची तक्रारही राहत नाही.

वेळापत्रक आणि एक पान

पहिले तीन महिने यादी, गोपनीयतेचे नियम, परिचारिका, पट्ट्यांची मापं आणि उपचारांचा क्रम. तिसऱ्या ते नवव्या महिन्यात आधीपासून गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब ताब्यात आणणं आणि तंबाखूची नोंद. नवव्या महिन्यापासून न सापडलेल्यांचा शोध, आणि त्याच सुमारास मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे पहिले दोन गट. स्वयंपाकघरातलं मीठ पहिल्या महिन्यापासूनच, कारण त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही. कामाच्या तासांचा विषय वर्षाच्या अंदाजपत्रकाआधी मांडायचा, नंतर नाही.

दर तीन महिन्यांनी एकच पान लिहा: यादीतल्या किती टक्के लोकांचा रक्तदाब गेल्या वर्षभरात मोजला गेला, उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी किती टक्के ताब्यात, तारीख उलटून गेलेले किती, आणि त्यांपैकी किती जणांना फोन झाला, तंबाखू सहा महिने सोडलेले किती, गटांत शेवटपर्यंत टिकलेले किती, पाच प्रश्नांच्या गुणांची सरासरी, ५५ तासांच्या वरचे किती. प्रत्येक आकडा सर्वांत कमी पगाराच्या थरासाठी वेगळा काढा, कारण सरासरी सुधारत असताना तो थर मागे राहू शकतो. टक्केवारी काढताना छेदात यादीतली सगळी नावं ठेवा. फक्त आलेल्यांवर काढलेली टक्केवारी नेहमीच छान दिसते.

सलग दोन तिमाहींत एखादा आकडा हलला नाही, तर आधी परिचारिकेला विचारा. गोळ्या संपल्या होत्या, डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही, दवाखान्याची वेळ पाळीशी जुळत नाही, अशी कारणं तिच्याकडून निघतात आणि बहुतेकदा आठवड्याभरात सुटणारी असतात. कारण सुटूनही पुढच्या सहा महिन्यांत तुलनेच्या विभागापेक्षा काही वेगळं दिसलं नाही, तर तो उपक्रम बंद करा आणि त्याचे पैसे मोफत गोळ्यांकडे वळवा.